ब्रोडीचा अभ्यास

आमच्या गावाभोवती ज्वारी क्षितिजापर्यंत पिकायची, आणि आम्हाला भाकरीचं पीठ आणायला सहा तास गाडी चालवून सिडनीला जावं लागायचं. हे मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा हसतो, पण आमच्या घरात यावर कुणी हसत नसे. ती ज्वारी गुरांसाठी होती, तांबड्या दाण्याची. पप्पांनी एकदा एका शेतकऱ्याकडून अर्धं पोतं मागून आणलं. आईने ती धुतली, वाळवली, मिक्सरमध्ये घालून इतकी दळली की मिक्सरला जळका वास यायला लागला. भाकरी झाली ती काळपट, तव्यावर टाकताच भेगाळलेली आणि तोंडात घातली की जीभ आवळून धरणारी. पप्पांनी खर्ड्याबरोबर ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हिथल्या गुरांचं कौतुक केलं पायजे."

पप्पांनी विट्याला आयटीआय केलं होतं. मग मस्कतला खोदकामाच्या यंत्रांवर, आणि तिथून इथे, न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात, धान्य कापणाऱ्या अवजड यंत्रांचे मेकॅनिक. व्हिसाच असा होता की शहरात राहायचं नाही, आतल्या गावातच राहायचं. दहावी विट्यात मराठी माध्यमातून करून, अकरावीचं कॉलेज अर्धवट सोडून, मी आईबरोबर त्या गावात उतरले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे की विटा किती मोठं शहर आहे. इथे एक रस्ता, एक पब, एक बेकरी, आणि गावाच्या डोक्यावर धान्य साठवायचे उंच पांढरे सायलो. आमचं भाड्याचं घर त्या सायलोंच्या मागे होतं. पहाटे धान्याची मालगाडी भरायला यायची आणि खिडकीची तावदानं थरथरायची. ती गेली की कोकाटूंचा, म्हणजे पांढऱ्या काकाकुव्यांचा, थवा सांडलेल्या दाण्यांवर तुटून पडायचा आणि दगडावर पत्रा घासावा तसा ओरडायचा. दुपारी घराचं पत्र्याचं छप्पर उन्हाने ताणून टण्ण वाजायचं, आणि आई दर वेळी दचकून म्हणायची, "कोण आलं गं?" कोणी आलेलं नसायचं. त्या देशात न सांगता कुणी कुणाच्या घरी येत नाही, हे आईला कळायला फार दिवस लागले. पप्पांना ते कधीच कळलं नाही, आणि या प्रकरणात पुढे जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

मला इंजिनिअर व्हायचं होतं. खरं सांगायचं तर आधी पप्पांना मी इंजिनिअर व्हायला हवी होते. रोज संध्याकाळी ते सोललेली बोटं घेऊन घरी यायचे आणि हात धुता धुता कुणा अज्ञात माणसाला शिव्या द्यायचे. "ज्यानं त्यो बोल्ट तिथं बसवला न्हवं, त्याला एकदा माझ्याम्होरं उभा करा. हात जाईल का तिथं माणसाचा?" मग माझ्याकडे वळून, "तू इंजिनिअर हो आणि हात पोचंल तिथं बोल्ट बसीव. येवढं केलंस तरी बास." आमच्या घराण्यात कुणी पदवीधर नव्हतं. पप्पांच्या सगळ्या भावांत तेच जास्त शिकलेले. सिडनीच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला जायचं, हे आमच्या स्वयंपाकघरात ठरलं आणि पुन्हा त्यावर चर्चा झाली नाही. ते कसं जायचं, यावर मात्र दीड वर्ष सगळ्यांनी मला नुसतं पिडलं.

त्यात पहिला नंबर जोगळेकर काकांचा. ते नात्यातले नव्हते. सिडनीच्या पेंडल हिल उपनगरात स्टेशनजवळच्या दुकानात पिठाच्या रांगेत पप्पा आईला "आगं मोठी पिशवी घे की" म्हणाले आणि पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी वळून विचारलं, "मराठी का?" तेवढ्यावर ओळख. काका पुण्याचे, आयटीत. त्यांचा ईशान माझ्याच वयाचा, निवड-परीक्षा देऊन जावं लागतं अशा सरकारी शाळेत. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही पीठ न्यायला आलो की काकूंच्या हातचं वरण-भात खायचो आणि काका माझी परीक्षा घ्यायचे.

"मार्क्स काय गं, मार्क्स सगळ्यांनाच पडतात," ते म्हणायचे. "टॉप युनि काय बघते? प्रोफाइल! ईशान डिबेटिंगला आहे, व्हायोलिन चालू आहे, शनिवारी व्हॉलंटिअरिंग. तू काय करतेस?"

"मी आईला मदत करते."

"ती अ‍ॅक्टिव्हिटी नाही गं!"

सोफ्यावरून डोकं वर न काढता ईशान म्हणाला, "डॅड, दे डोन्ट इव्हन लुक अ‍ॅट दॅट."

"तू गप रे. तुला काय कळतंय."

त्या घरात सगळ्यांत जास्त त्यालाच कळत होतं, पण पप्पांनी ऐकलं काकांचं. परतीच्या सहा तासांत माझ्या सगळ्या शनिवारांची विल्हेवाट लागली. नेटबॉल नावाचा खेळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या टीममध्ये मी संपूर्ण हिवाळा बाकावर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. गावच्या अग्निशमन दलाच्या तरुण तुकडीत नाव घातलं. तिथे होजपाइप गुंडाळायला शिकले. गावच्या कृषी-प्रदर्शनात केकच्या स्पर्धेत आईने माझ्या नावावर रव्याचा केक पाठवला, परीक्षक बाईंनी शेरा दिला, "टेक्स्चर असामान्य." प्रत्येक ठिकाणचं प्रमाणपत्र पप्पा प्लास्टिकच्या फाइलमध्ये सरळ रेषेत लावायचे. विट्यात चित्रकलेच्या परीक्षेचं, राष्ट्रभाषेच्या परीक्षेचं लावायचे, तसंच. वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या फिजिक्सच्या सरांना, मिस्टर हॅरिसना, मी ती फाइल दाखवली. त्यांनी ती आदराने चाळली आणि म्हणाले, "छान आहे, अ‍ॅश. पण ही युनि नेटबॉल बघत नाही. एक आकडा बघते. तेवढाच." मी अश्विनी, पण दुसऱ्या आठवड्यातच मी अ‍ॅश झाले होते.

तो आकडा कसा तयार होतो, हे त्या दिवशी मिस्टर हॅरिसनी मला फळ्यावर समजावलं. समजलं तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं, आणि मग इतका संताप आला की रडायचं राहून गेलं. बारावीचे निम्मे मार्क शेवटच्या लेखी परीक्षेचे, आणि निम्मे शाळेत वर्षभर घेतलेल्या चाचण्यांचे. पण शाळा आपल्या मुलांना उगीच वाढवून देतील, म्हणून बोर्ड शाळेचे मार्क जसेच्या तसे घेत नाही. शेवटच्या पेपरात त्या वर्गाने मिळून किती कमावलं ते बघतं, आणि तीच कमाई शाळेतल्या क्रमानुसार पुन्हा वाटून देतं. आमच्या फिजिक्सच्या वर्गात आम्ही पाच जण. पहिला ब्रोडी, दुसरी केला नावाची मुलगी, तिसरी मी, आणि मग टॉम नावाचीच दोन मुलं. समजा, शेवटच्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. पेपराच्या हिश्शाचे ते माझेच. पण शाळेच्या हिश्शाचे वाटताना माझा तो वरचा आकडा पहिल्या नंबरच्या ब्रोडीला जाणार, आणि तिसऱ्या नंबरच्या मला मिळणार वर्गाचा मधला आकडा. बाकीच्यांनी पेपर पाडला, तर तो मधला आकडाही खाली.

"पण मी तिसरी का आहे?" मी विचारलं. खरं तर त्याचं कारण मला माहीत होतं. आल्या आल्या पहिलाच प्रयोग होता, लंबक घेऊन गुरुत्वाकर्षण मोजायचं. आमच्या गटाचं उत्तर काहीतरी भलतंच आलं. मी प्रयोगवहीत व्यवस्थित नऊ पूर्णांक आठ लिहिलं, आणि त्याला जुळतील अशी वाचनं वर भरली. विट्यात सगळा वर्ग असंच करायचा. सर स्वतः सांगायचे, उत्तर आधी लिहा म्हणजे चुकणार नाही. मिस्टर हॅरिसनी वही परत दिली आणि एवढंच म्हणाले, "हा आकडा बरोबर आहे, पण तुझा नाही." त्या चाचणीत मला जवळजवळ काहीच मिळालं नाही. ब्रोडीच्या गटाचं चुकलेलं उत्तर, ते का चुकलं असावं यावर अर्धं पान लिहिलेलं, त्याला पैकीच्या पैकी.

आणि आता हा ब्रोडी. गावाबाहेरच्या मोठ्या शेतावरचा मुलगा, उंच, नाकावर कायम उन्हाने सोललेली कातडी. बुद्धीने आमच्या सगळ्यांच्या पुढे, आणि कष्टाच्या नावाने शून्य. सप्टेंबरमध्येच त्याला दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीने शेतकी शाखेत प्रवेश देऊन टाकला, बोर्डाच्या परीक्षेआधीच. तशी पद्धत होती. मुख्याध्यापकांनी शिफारस केली की काही ठिकाणी होऊन जायचं. त्याला आता बारावीच्या मार्कांची काडीइतकीही गरज नव्हती. त्या दिवसापासून तो फिजिक्सच्या तासाला टोपी डोळ्यांवर ओढून बसायला लागला. त्याचं बघून केलाही ढिली पडली, आणि दोन्ही टॉम आधीपासूनच ढिले होते.

"ब्रोडी, तू परीक्षेला अभ्यास करणार आहेस ना?" मी विचारलं.

"नाह. मी तर आत गेलोय."

"पण..."

"नो वरीज, अ‍ॅश. तू स्मार्ट आहेस. यू'ल बी राइट."

मी घरी येऊन दप्तर फेकलं. आईने पिठलं केलं होतं. मी ताटाला हात लावला नाही. पप्पांनी विचारलं तेव्हा मी सगळा नियम त्यांना समजावून सांगितला, ओरडून. मला वाटलं होतं त्यांना कळणार नाही. पप्पा घास हातात धरून ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे डेअरीगत."

"काय?"

"आपल्याकडं समद्यांचं दूध एका कॅनात वततात आणि फॅट कॅनचं मोजतात. एकानं पाणी घातलं की समद्यांचा दर पडतो. तसंच हाय न्हवं हे?"

तसंच होतं. इतक्या कमी शब्दांत मला पुढे कधी कुणी ते समजावलं नाही.

"मग," पप्पा म्हणाले, "पाणी घालनाऱ्याच्या घरी जाऊन सांगायला नको?"

मी त्यांना सांगितलं की इथे असं करत नाहीत. इथे दुसऱ्याच्या मुलाच्या अभ्यासावर कुणी बोलत नाही. स्वतःच्या मुलाच्यासुद्धा नाही. इथे आधी फोन करतात. मी हात जोडले. मी म्हणाले की तुम्ही गेलात तर मी पुन्हा शाळेत पाऊल टाकणार नाही. आई मधे म्हणाली, "मोकळ्या हातानं जायचं न्हाई. लाडू करते," आणि मी डोकं धरून बसले.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. पप्पांचा लग्नाकार्याचा पांढरा शर्ट, आईची मोरपंखी साडी, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बेसनाचे लाडू. मी मागच्या सीटवर, काच वर करून, शक्य तितकी खाली घसरलेली. फाटकापासून घरापर्यंत कच्चा रस्ता संपता संपेना. शेवटी कुत्री धावत आली आणि त्यांच्यामागून ब्रोडीचे वडील, ग्रँट, हातात यंत्राला ग्रीस मारायची बंदूक घेऊन. कापणी तोंडावर आली होती. पप्पांना ते कामावरून ओळखत होते.

"गुड डे, माइट." मेट म्हणजे दोस्त, त्याचा तिथला उच्चार माइट. "यंत्राचं काही निघालं का?"

"नो मशीन," पप्पा म्हणाले. "बॉय."

ग्रँटचा चेहरा बदलला. त्याने पप्पांच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, आईच्या साडीकडे, आणि मग वाकून गाडीत, मागच्या सीटवर तोंड लपवून बसलेल्या माझ्याकडे. "ब्रोडीने काय केलं?" त्याने फार हळू विचारलं.

"ही डिड नथिंग," पप्पा म्हणाले. "दॅट इज द प्रॉब्लेम."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने गेले असते. आज हे आठवून मी एकटीच हसते, पण तेव्हा मला वाटलं की माझ्या जन्मदात्याने मला या देशात जिवंत गाडलं. ब्रोडीच्या आईने, तिचं नाव सू, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, चहा केला, लाडू बशीत काढले. ब्रोडीला आतून हाक मारली. तो पायात मोजे घालून आला, मला पाहिलं आणि दारातच थांबला. पप्पांनी मला फळा नसताना तो नियम समजावून सांगायला लावला. मी टेबलावर पाच लाडू मांडून सांगितला, कारण माझ्या हाताला दुसरं काही लागेना. पहिला ब्रोडी, दुसरी केला, ही मी.

सगळं ऐकल्यावर ग्रँट म्हणाला, "हा काय मूर्खपणा आहे? ब्लडी स्टुपिड." यावर टेबलाभोवती पूर्ण एकमत झालं. दीड वर्षात माझ्या बाजूने बोललेला तो पहिला माणूस.

"पण माइट," तो पप्पांना म्हणाला, "याला तर प्रवेश मिळालाय. तो आत गेलाय."

पप्पांचं इंग्रजी वर्कशॉपचं होतं, पण तेवढ्यात त्यांचं काम भागायचं. ते म्हणाले, "या देशात मी बघतो. दुकानात, बँकेत, पोस्टात. पुढचा माणूस आत जातो आणि मागच्यासाठी दार धरून उभा राहतो. लहान पोरंसुद्धा. मला फार आवडतं ते." मग ब्रोडीकडे वळून, "यू वेन्ट इन, सन. होल्ड द डोअर."

 ब्रोडीचे कान लाल झाले. "मला माहीतच नव्हतं असं असतं," तो म्हणाला. आणि ते खरं होतं; वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. "पण मी अभ्यास करू कधी? पुढच्या आठवड्यात बार्ली सुरू होतेय. चेसर बिन माझ्याकडे आहे." कापणीयंत्राच्या बाजूने एक ट्रॅक्टर मोठी टाकी ओढत पळतो, चालता चालता त्यात धान्य ओततात, तो चेसर बिन. तो ट्रॅक्टर सकाळपासून अंधार पडेपर्यंत ब्रोडी चालवणार होता.

"ट्रॅक्टरमध्ये दुसरी सीट आहे की," सू म्हणाली.

"काय म्हंतीय ती?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"एकट्या पोरीला पोरासंगं ट्रॅक्टरात?" आई म्हणाली. "लोकं काय म्हनतील?"

"कुठली लोकं?" पप्पा म्हणाले. "हिथं कोकाटू हायती."

"तरी मी संगं जानार."

अशी माझी बारावीची तयारी झाली. परीक्षेआधी अभ्यासासाठी शाळा सुटली होती. पेंडल हिलला ईशान एसी लावलेल्या क्लासात मागच्या वर्षांचे पेपर सोडवत होता आणि मी ट्रॅक्टरच्या केबिनमधल्या घडीच्या सीटवर, गुडघ्यावर पुस्तक धरून, बार्लीच्या कुसळांनी खाजत, ब्रोडीला प्रश्न विचारत होते. शेताच्या कडेला आमच्या गाडीत आई बसलेली, दार उघडं ठेवून, मांडीवर मेथी निवडत. कामाच्या पाळ्या बदलून घेऊन ती यायची. गावातल्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत होती ती. दुपारी सगळ्यांना चपाती-भाजीची गुंडाळी द्यायची. ग्रँट त्याला रॅप म्हणायचा आणि दोन खायचा.

ब्रोडीला शिकवणं म्हणजे डोकं फिरवून घेणं होतं. मी सूत्र म्हणायचे, तो विचारायचा, "का?" मी म्हणायचे, असंच आहे, पाठ कर. तो म्हणायचा, "असं नसतं, अ‍ॅश," आणि स्टिअरिंगवरचा हात सोडून हवेत चुंबक आणि तारेचं वेटोळं काढायचा. ट्रॅक्टर आपोआप सरळ चालायचा, पण माझा जीव टांगलेला. आणि त्याच्या त्या "का"ने मी अशी अडकायचे की मला कळायचं, विट्यापासून मी जे पाठ करत आले ते मला कळलेलंच नव्हतं. माझा राग त्याच्यावर निघायचा. तो म्हणायचा, "नो वरीज." ते दोन शब्द ऐकले की मला त्याला खाली ढकलून द्यावंसं वाटायचं.

एकदा विद्युत प्रवर्तनावर आमचं भांडण इतकं रंगलं की त्याचं लक्ष सुटलं. टाकी पुढे निघून गेली आणि कापणीयंत्राच्या नळीतून बार्लीची धार सरळ जमिनीवर. रेडिओवर ग्रँटचा जो आवाज आला त्यातले शब्द मी इथे लिहू शकत नाही. मी मागे वळून पाहिलं तर आई गाडीतून उतरून धावत येत होती. ती ढिगाजवळ बसली आणि दोन्ही हातांनी बार्ली पदरात भरायला लागली. आम्ही ट्रॅक्टर थांबवून उतरलो, तोवर ग्रँट यंत्र थांबवून खाली आला.

"राहू दे, लव्ह. पाखरं खातील."

"पाकरांनी तरी किती खायाचं?" आई मराठीतच म्हणाली, आणि भरत राहिली. मग ग्रँटही गुडघ्यावर बसला. ब्रोडीला तो काही म्हणाला नाही, मला म्हणाला, "त्याला कळलं का निदान?" मी म्हणाले, त्यालाच कळलं, मला नाही.

सूने केलाच्या आणि दोन्ही टॉमच्या घरी फोन केले. काय सांगितलं मला माहीत नाही, पण ज्या दिवशी दव पडून कापणी उशिरा सुरू व्हायची, त्या सकाळी ते तिघेही सूच्या स्वयंपाकघरात यायला लागले. हल्ली नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे मला फोन येतात: ताई, कुठल्या सब्जेक्टचे मार्क स्केल होऊन वाढतात, कुठली अ‍ॅक्टिव्हिटी घालू, कुठला क्लास लावू. मी विचारते, वर्गातली बाकीची मुलं कशी आहेत? त्यांना वाटतं मी टाळतेय. पुण्या-मुंबईची शिकलेली माणसं, पण नियम वाचत नाहीत. ज्याचा मुलगा मागच्या वर्षी पास झाला त्याचं ऐकतात. फोन ठेवल्यावर मला जोगळेकर काकांचाच राग नव्याने येतो, आणि मग वाईटही वाटतं, कारण त्या काकांनीच पुढे युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षी मला आपल्या घरात ठेवून घेतलं.

फिजिक्सच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज बदलला. पाऊस येणार. उभ्या बार्लीवर पाऊस पडला की दाण्याचा दर जातो. त्यामुळे जेवढी यंत्रं होती तेवढी त्या भागात उभ्या शेतात पळत होती. सकाळी मी शाळेच्या हॉलबाहेर उभी. केला आली, दोन्ही टॉम आले.

"ब्रोडी येत नाहीये," केला म्हणाली. "पाऊस येण्याआधी सगळं काढतायत. कसा येईल?"

कसा येईल, हे मलाही माहीत होतं. एका बाजूला त्यांचं वर्षाचं पीक, दुसऱ्या बाजूला माझा मधला आकडा. मी त्याच्या वडिलांच्या जागी असते तर मीही त्याला सोडलं नसतं. मिस्टर हॅरिसनी दारातून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि आम्हाला आत यायची खूण केली. मी आत जाऊन बसले. माझ्या पुढची खुर्ची रिकामी. एवढ्यात बाहेर गाडीचा ब्रेक करकचून लागला आणि ब्रोडी आत आला, केसांत कुसळं, कोपरापर्यंत धूळ, पायात शेतातले बूट. खुर्चीवर बसता बसता वळून कुजबुजला, "तुझे डॅड माझ्या सीटवर आहेत."

"काय?"

"ट्रॅक्टरवर. पहाटेच आले. मला म्हणाले, जा."

देखरेखीच्या बाईंनी आम्हाला गप्प केलं. पेपर वाचायची वेळ सुरू झाली आणि मी काहीही वाचत नव्हते. कापणीच्या दिवसांत पप्पांच्या वर्कशॉपमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि हा माणूस सुट्टी टाकून दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवत होता. सकाळी मला दही-साखर हातावर देऊन आईने देवापुढे उभं केलं, तेव्हा पप्पा कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, "कामावर." मला सांगायला काय झालं होतं? नेटबॉलचं सांगितलं, होजपाइपचं सांगितलं, आणि हे तेवढं नाही! त्या रागातच मी पहिला प्रश्न उघडला. पुढच्या खुर्चीवर ब्रोडी भराभर लिहीत होता आणि त्याच्या शर्टातून बार्लीचे दाणे एक एक करून फरशीवर पडत होते.

निकाल डिसेंबरमध्ये, फोनवर आला. आधी विषयांचे मार्क आले, आणि ब्रोडीने त्याच्या मार्कांचा फोटो पाठवला. फिजिक्सच्या पेपरात तो माझ्या पुढे होता. ट्रॅक्टरात मी ज्याला शिकवलं, त्या मुलाने, ज्याला त्या मार्कांचा काडीचा उपयोग नव्हता त्याने, मला मागे टाकलं होतं. मी दोन मिनिटं त्याच्यावर चिडून बसले आणि मग माझा तो एक आकडा उघडला.

पप्पा मागच्या अंगणात आमच्या जुन्या गाडीखाली शिरले होते. नुसते बूट बाहेर दिसत होते. आतून पान्याचा टक टक आवाज येत होता.

"पप्पा, निकाल लागला."

टक टक थांबलं नाही. "ब्रोडीला किती पडलं?"

"पप्पा! माझं विचारा की आधी!"

"तुझं काय इचारायचं," गाडीखालून आवाज आला. "तूच सांगितलंस न्हवं का. कॅनाचा दर लागला की समद्यांचा लागला. त्याला किती पडलं ते सांग."

मी सांगितलं. मग केलाचं विचारलं, ते सांगितलं. दोन्ही टॉम पास झाले होते, तेही सांगितलं. मग मी माझा तो एक आकडा सांगितला, आणि म्हणाले की एवढ्यात सिडनीला इंजिनिअरिंगचा प्रवेश होतो. मागच्या वर्षी जिथे यादी थांबली होती, त्याच्या थोडासाच वर होता तो.

"म्हंजे जायचं?"

"जायचं."

बूट हलले नाहीत. मी उन्हात उभी राहिले, वाट बघत, की ते आता बाहेर येतील, काहीतरी म्हणतील. बराच वेळ गाडीखालून पान्याचा आवाज आला नाही.